मुलाला वाक्य कळतंय की नुसता प्रसंग? मराठीत आकलन आणि व्याकरण तपासायचं कसं

ऐरोली_बालवाडी यांचा प्रश्न

ऐरोलीत अडीच ते सहा वर्षांच्या मुलांची बालवाडी चालवते. साधारण निम्म्या घरांत मराठी, बाकी घरांत हिंदी-मराठी सरमिसळ, आणि दिवा, गोठिवली या गावठाणांतली काही मुलं घरी आगरी बोलतात. सहामाहीला प्रत्येक मुलाच्या भाषेबद्दल पालकांना लेखी द्यायचं असतं. हाताशी असलेले तक्ते सगळे इंग्रजीवरून उतरवलेले. 'अनेकवचनाला स लावतो का', 'द वापरतो का' असल्या रकान्यांचं मराठीत करायचं काय? आकलनासाठी तर एकच ओळ: 'सूचना समजतात, होय/नाही'. पालकांना विचारलं की ठरलेलं उत्तर येतं, 'त्याला सगळं समजतं हो, फक्त बोलत नाही.'

सध्या तीन मुलांवर गाडी अडली आहे.

एक मुलगा ३ वर्षं ४ महिन्यांचा. एबीसीडी, वीसपर्यंत आकडे, मोबाइलवरच्या जाहिराती घडाघडा म्हणतो. 'पाणी हवं का?' विचारलं की 'पाणी हवं का' असंच परत म्हणतो.

एक मुलगी ४ वर्षांची. अडीच वर्षांची असताना 'केलं', 'गेला' नीट म्हणायची. आता 'मी करलं', 'बाबा ऑफिसला जाला', 'घोडाला गवत दे'. आईचं म्हणणं, शाळेत येऊन भाषा बिघडली.

एक मुलगा साडेचार वर्षांचा. 'मना पानी दे', 'डोला दुखतो'. शेजारची मुलं हिंदी बोलतात, त्यामुळे 'पाणी थंडा आहे' हेही असतं. उच्चार आणि व्याकरण दोन्ही कच्चं लिहायचं का?

वर्गात करता येईल अशी तपासणी हवी आहे. महागडं साहित्य नको.


उच्चारपाटी (वाचा-भाषा उपचारक, ठाणे पश्चिम)

आधी 'सगळं समजतं' याचं बघू. पालक खोटं बोलत नसतात. पण घरात दिवसभर दिल्या जाणाऱ्या बहुतेक सूचना शब्द न कळताही पाळता येतात. बाबांनी किल्ली उचलली, दाराकडे पाहिलं आणि 'चप्पल घाल' म्हणाले. यातले शब्द काढून टाकले तरी मूल चप्पल घालणारच. त्याला प्रसंग कळला. वाक्य कळलं का, ते अजून कुणी तपासलेलंच नाही.

तपासायचं असेल तर प्रसंगाची मदत काढून घ्यायची. चमचा, वाटी, बॉल, रुमाल अशा चार वस्तू मुलासमोर पसरून ठेवा. तुमचे हात मांडीवर, नजर मुलाच्या चेहऱ्यावर. वस्तूकडे बघायचं नाही, हनुवटीने दाखवायचं नाही. वाक्य एकदाच म्हणायचं आणि मनात दहापर्यंत मोजायचं. काहीच झालं नाही तर तेच वाक्य, त्याच शब्दांत, आणखी एकदा. इथे हमखास चुकतं ते हे: दोन सेकंदांत धीर सुटतो, वाक्य बदललं जातं ('अगं तो चमचा, चमचा कुठाय, दे बरं मला') आणि हात आपोआप पुढे जातो. मग मुलाने जे दिलं ते हाताला दिलं, शब्दाला नाही.

सुरुवात 'चमचा दे' पासून. पुढची पायरी 'बॉल रुमालावर ठेव', पण त्यात दोन वस्तूंची नावं कळली एवढंच दिसतं, '-वर' कळलं असं नाही. 'चमचा वाटीत ठेव' याला गुण देऊ नका. लहान मुलं समोर भांडं दिसलं की वस्तू आत टाकतात आणि सपाट जागा दिसली की वर ठेवतात, तुम्ही काहीही म्हणा. भाषावैज्ञानिक ईव्ह क्लार्क यांनी १९७३ मध्ये हे दाखवून दिलं होतं. म्हणून 'वाटीत' बरोबर येणं फुकटचं असतं, खरी परीक्षा 'बॉल वाटीखाली ठेव' ही. त्यानंतर एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन सूचना: 'बॉल मला दे आणि रुमाल खुर्चीवर ठेव'.

वयाचा अंदाज हवा असेल तर अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने २०२२ मध्ये सुधारलेली यादी वापरा. खाणाखुणांशिवाय एक सूचना दीड वर्षाला, दोन टप्प्यांची सूचना अडीच वर्षाला. त्या यादीतली वयं अशी निवडली आहेत की निदान ७५ टक्के मुलांना तोवर ती गोष्ट जमते. म्हणजे ही सरासरी नाही. त्या वयाला जमलं नाही तर 'होईल हळूहळू' म्हणून सोडून देऊ नये.

आता वाक्यरचना. ठाण्यात जांभळी नाक्यावर प्लास्टिकच्या प्राण्यांचं पाकीट मिळतं, त्यातला एक घोडा आणि एक बैल पुरे. वाक्यं चार:

घोडा बैलाला ढकलतो.
बैलाला घोडा ढकलतो.
बैल घोड्याला ढकलतो.
घोड्याला बैल ढकलतो.

प्रत्येक वाक्य दोनदा, क्रम मोडून, एकूण आठ. मुलाने प्राणी हातात घेऊन करून दाखवायचं. आठपैकी सात बरोबर आले तरच 'कळतं' म्हणा. नुसत्या अंदाजाने सात किंवा आठ बरोबर येण्याची शक्यता साडेतीन टक्के असते. पाच-सहा तर सहज येतात. गाय घेऊ नका. 'गाईला घोडा ढकलतो' मध्ये 'ढकलतो' हेच सांगून टाकतं की ढकलणारा घोडा. मग '-ला' कळला की क्रियापदाचं लिंग, ते समजत नाही. हत्ती-उंदीरही नको, कोण कोणाला ढकलणार हे मूल आकारावरूनच ठरवतं.

आठपैकी बरोबर चार आले तर ते चार कोणते हे नक्की बघा. पहिल्या आणि तिसऱ्या प्रकारची सगळी बरोबर, दुसऱ्या आणि चौथ्याची सगळी चूक असतील तर मूल गोंधळलेलं नाही. त्याने नियम धरलाय: ज्याचं नाव आधी येईल तो करणारा. '-ला' अजून त्याच्या हिशेबात आलेला नाही. बरोबर-चूक विखुरलेले असतील तर मात्र बाब वेगळी, तिथे बहुधा प्राण्यांची नावं किंवा 'ढकलणं' हेच पक्कं नसतं. आधी तेवढं तपासून घ्या.

चार वर्षांपुढच्या मुलांसाठी 'आधी'. 'टाळी वाजवायच्या आधी उडी मार.' यात टाळी वाक्यात पहिली आणि कृतीत दुसरी. चार वर्षांची बरीच मुलं ऐकलेल्या क्रमाने करतात, टाळी मग उडी. 'टाळी वाजवून उडी मार' ला हीच मुलं चुकत नाहीत, कारण तिथे दोन्ही क्रम जुळतात. वर्गात 'डबा उघडायच्या आधी हात धुवा' म्हटल्यावर निम्मी मुलं डबा उघडतात, ती बेशिस्त असतीलच असं नाही. 'आधी हात धुवा, मग डबा उघडा' म्हणून पाहा.

तुमच्या पहिल्या मुलाबद्दल: थांबू नका. पाठांतर आकलनाच्या पुष्कळ पुढे असणं हीच काळजीची खूण. आकडे आणि जाहिराती ऐकून घरचे 'हुशार आहे' म्हणतात आणि त्यात वर्ष जातं. ऐकलेलं परत म्हणणं दोन वर्षांच्या आसपास बरीच मुलं करतात. साडेतीनाला साध्या प्रश्नाचं उत्तर न देता प्रश्नच परत येत असेल, तर श्रवणतपासणी आणि पूर्ण विकास-तपासणी दोन्ही हव्यात. बोट दाखवून वस्तू मागतो का, आणि नुसतीच गंमत दाखवायला बोट दाखवतो का, हे दोन वेगवेगळे लिहून डॉक्टरांना द्यायच्या चिठ्ठीसोबत द्या. दुसरं नसेल तर डॉक्टरांना ते आधी कळायला हवं. वांद्र्याला अली यावर जंग संस्थेत वाचा-श्रवण तपासणी होते. खासगीत जाणार असतील तर उपचारकाची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, एवढं विचारून घ्या.


विभक्तीवाला (भाषाविज्ञान शिकवतो, नेरुळ)

वरचं सगळं पटलं. एक पुस्ती जोडतो. 'बैलाला घोडा ढकलतो' हे वाक्य मराठीत आपण हवेतून म्हणत नाही. बैलाचा विषय आधी निघालेला असतो तेव्हाच तो पुढे येतो. म्हणून आधी बैल हातात घेऊन 'हा बघ बैल, बैलाचं काय होतंय?' असं म्हणा, मग दोन्ही प्राणी खाली ठेवून वाक्य म्हणा. जपानी मुलांच्या अभ्यासात नेमकं हेच आढळलं: उलट्या क्रमाची वाक्यं चुकणारी मुलं, आधी त्या प्राण्याबद्दल एक वाक्य ऐकवलं की चुकेनाशी झाली. अट एकच, चारही प्रकारांना अशी प्रस्तावना हवी, नाहीतर तुलना फसेल.

आणि पहिलं नाव म्हणजे करणारा, हा टप्पा इंग्रजी मुलांचा जगप्रसिद्ध आहे म्हणून आपल्याकडेही तितकाच लांबेल असं धरू नका. स्लोबिन आणि बेव्हर या संशोधकांनी १९८२ मध्ये चार भाषांतली मुलं तपासली. तुर्की मुलं दोन वर्षांची असतानाच नावांचा क्रम कसाही असो, प्रत्ययावरून अर्थ लावत होती. तुर्कीही आपल्यासारखीच, क्रियापद शेवटी आणि नामाला प्रत्यय. मराठी मुलाला साडेतीन-चारला '-ला' चा पत्ताच नसेल, तर 'अजून लहान आहे' या सबबीवर मी तरी सोडणार नाही.

आता चार वर्षांच्या मुलीचं. बिघडलेलं काही नाही, सुधारलंय. अडीचाव्या वर्षी 'केलं', 'गेला' हे तिच्यासाठी अख्खे शब्द होते, 'आई', 'बॉल' सारखे. पुढे तिच्या लक्षात आलं की बस-बसला, पड-पडला, उड-उडला यात एक सूत्र आहे. ते सूत्र तिने 'कर' ला लावलं, 'करला'. 'जा' ला लावलं, 'जाला'. आपण तिच्यासमोर 'करला' कधी म्हणत नाही. म्हणजे ही नक्कल नाही, तिने स्वतः घडवलेलं रूप आहे. इंग्रजीत असंच 'वेन्ट' च्या जागी 'गोएड', 'एट' च्या जागी 'ईटेड' येतं. जा-गेला, ये-आला, कर-केला, दे-दिला, मर-मेला ही मंडळी नियमात बसत नाहीत. जी रोज कानावर पडतात ती लवकर जागेवर येतात, 'मेला' सारखी उशिरा. मधला काही काळ एकाच दिवशी 'केलं' आणि 'करलं' दोन्ही ऐकू येतात. तक्त्यात 'नियम सापडला, अपवाद बसतायत' असं लिहा.

'घोडाला' तर मला फार आवडतं. तिच्या जगात 'दादाला', 'बाबाला', 'काकाला', 'आईला', 'बॉलला' आहेत. नाव घ्यायचं, '-ला' जोडायचं, संपलं. 'दादा' चं 'दाद्याला' होत नाही, मग 'घोडा' चं 'घोड्याला' का व्हावं? प्रत्ययाआधी 'घोडा' चं 'घोड्या' होतं, सामान्यरूप म्हणतात ते हेच. नाव येतं, प्रत्यय येतो, मधला सांधा मागाहून येतो. 'डब्यात', 'गळ्यात', 'दुधात' अशी रोजची रूपं आधी बरोबर होतात आणि 'पंखाला', 'झराला' अशी बरेच दिवस रेंगाळतात. तपासायचं असेल तर रोजचे शब्द टाळा, ते पाठ असतात. जीन बर्को या संशोधिकेने १९५८ मध्ये मुलांना बनावट शब्द देऊन अनेकवचन विचारलं होतं. आपण तेच मराठीत करायचं. कागदावर एक विचित्र प्राणी काढा. 'हा टिबा. हा बघ आणखी एक आला. आता हे दोन...?' 'टिबे' आलं तर अनेकवचन आलं. मग 'याला भूक लागली. आपण कोणाला खाऊ देऊया?' 'टिब्याला' आलं तर सामान्यरूपही आलं. 'टिबाला' आलं तर '-ला' आहे, सांधा नाही. 'मोफी' घेऊन 'मोफ्या' आणि 'दोफं' घेऊन 'दोफी' बघता येतं. नपुंसकलिंगी सगळ्यात मागे राहतं, विशेषतः ज्या मुलांच्या कानावर हिंदी जास्त आहे त्यांच्यात.

भूतकाळ हा मराठीतला खरा घाट. 'दादा जेवला', पण 'दादाने पोळी खाल्ली'. दुसऱ्यात 'ने' हवा, आणि क्रियापद दादाला सोडून पोळीच्या लिंगाने चालायला हवं. मूल म्हणतं 'दादा पोळी खाल्ला'. हे अवघड का? कारण मुलाच्या बोलण्यात 'मी' आणि 'तू' जास्त, आणि त्यांना 'ने' लागतच नाही: 'मी पोळी खाल्ली'. त्यात 'मी धडा शिकलो', 'मी चप्पल विसरलो' अशी क्रियापदं आहेत, जिथे कर्म असूनही क्रियापद कर्त्यामागे जातं. मोठ्यांच्या बोलण्यातच दोन वाटा असल्यावर मुलाला वेळ लागणारच. म्हणून 'ने' चा रकाना आणि क्रियापदाच्या लिंगाचा रकाना वेगळे ठेवा. 'दादाने पोळी खाल्ला' म्हणणारं मूल 'दादा पोळी खाल्ला' म्हणणाऱ्याच्या एक पायरी पुढे आहे.

नकाराचेही टप्पे बघण्यासारखे. 'नको' आणि 'नाही' लवकर येतात. 'नव्हता', 'नसतो', 'नसेल' बरेच नंतर. तोवर 'काल शाळा नाही होती' असं चालतं. 'मला झोपव' ऐवजी 'मला झोप', 'मला उठ' हेही याच काळातलं. आणि 'आजोबा आला' ही व्याकरणाची चूक म्हणून लिहू नका. आदरार्थी अनेकवचन घरात किती वापरतात त्यावर ते ठरतं.

मोजायचं कसं? खेळताना मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि मुलाची पन्नास वाक्यं जशीच्या तशी लिहून काढा. शुद्ध करायची नाहीत. मग प्रत्येक प्रत्ययासाठी दोन आकडे: तो जिथे हवा होता त्या जागा किती, आणि मुलाने घातला किती. '-ला' वीस ठिकाणी हवा होता, अठरा ठिकाणी आला, ९० टक्के. मुलांच्या भाषेचे अभ्यासक रॉजर ब्राउन यांनी १९७३ मध्ये, प्रत्यय मुलाला 'आला' असं म्हणायला हीच ९० टक्क्यांची रेघ धरली होती. चारच जागा मिळाल्या तर टक्केवारी काढू नका, रेकॉर्डिंग वाढवा. चित्रं दाखवून 'हे काय, हे काय' विचाराल तर पन्नासच्या पन्नास एका शब्दाची उत्तरं मिळतील आणि मुलाला वाक्य येत नाही असा निष्कर्ष निघेल. खेळभांडी किंवा मोडलेलं खेळणं द्या. काहीतरी बिघडलं की मुलं मोठी वाक्यं बोलतात.


नौपाडा_बालरोग

थोडक्यात. व्याकरणाच्या आधी कान. मराठीतले प्रत्यय शब्दाच्या शेवटी, कमी जोराने येतात. सर्दी मुरून कानाच्या पडद्यामागे पाणी साठलं की २०–३० डेसिबलची घट येऊ शकते, तीही कमीजास्त होणारी. मूल हाकेला वळतं, टीव्ही ऐकतं, म्हणून कुणाला शंका येत नाही. पण '-ला', '-ने', '-त' त्याच्यापर्यंत पोचत नाहीत. पावसाळ्यात वारंवार सर्दी, तोंड उघडं ठेवून झोपणं, घोरणं, सारखं 'आँ?' करणं असेल तर टिम्पॅनोमेट्री (कानाच्या पडद्याची हालचाल मोजणारी चाचणी) करून घ्या. काही मिनिटांचं काम असतं, दुखत नाही.

'जन्मल्यावर कानाची टेस्ट पास झाली होती' हे उत्तर पुरेसं नाही. ती ओएई चाचणी (आतल्या कानाचा प्रतिसाद मोजणारी) त्या दिवसापुरती. नंतर आलेली घट त्यात दिसत नाही, आणि कान ठीक पण नसेत दोष असा प्रकारही ओएईत सुटतो, त्याला बेरा (कानापासून मेंदूपर्यंतच्या नसेची चाचणी) लागते. अडीच-तीन वर्षांपुढच्या मुलांची खेळातून श्रवणचाचणी होते.

बोलता येणारे शब्द किंवा वाक्यं गेली, मग वय कितीही असो, त्याच आठवड्यात दाखवा. वर्षापर्यंत बडबड किंवा बोट दाखवणं नाही, १६ महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत स्वतःहून जोडलेले दोन शब्द नाहीत, यातलं काहीही असेल तर तसंच. 'आमच्याकडे मुलगे उशिराच बोलतात' हे वाक्य दवाखान्यात जितकं ऐकू येतं तितकं दुसरं कुठलं येत नसेल.


कोपरी_मास्तर

प्राथमिकला शिकवतो. एवढी सगळी तपासणी ठीक आहे, पण मूळ दुखणं तीन भाषांचा गोंधळ हे नाही का? घरी आगरी, गल्लीत हिंदी, शाळेत मराठी, वरून इंग्रजी राईम्स. पालकांना सांगावं की सहा वर्षांपर्यंत एकच भाषा ठेवा. पहिली-दुसरीत अशी मुलं येतात जी धडा खडाखडा वाचतात आणि विचारलं तर काही सांगता येत नाही.


उच्चारपाटी

मास्तर, या सल्ल्याने बरंच नुकसान होतं. दोन-तीन भाषा ऐकल्याने भाषादोष होत नाही. दोष असलेल्या मुलाला एका भाषेतही तो असतोच. 'एकच भाषा' म्हटलं की प्रत्यक्षात काय होतं? आजी आगरी सोडते, आई मोडक्या इंग्रजीत बोलायला लागते, आणि मुलाच्या वाट्याला 'कम हियर', 'सिट', 'डोन्ट टच' एवढंच येतं. लांब, प्रत्ययांनी भरलेली, कारणं सांगणारी वाक्यं माणूस आपल्या भाषेतच बोलतो. ती बंद झाली तर व्याकरण यायचं कुठून?

बहुभाषक मुलाचे शब्द मोजायचे तर सगळ्या भाषांचे मिळून मोजा. मराठीत ३० आणि हिंदीत ३० असतील तर 'मराठीत फक्त ३०' असं लिहिणं अन्याय आहे. आणि दोष की सरमिसळ, हे ओळखायला चूक कोणत्या दिशेने जाते ते बघा. 'पाणी थंडा आहे' ही चूक सरळ हिंदीकडे बोट दाखवते, तिथे पाणी पुल्लिंगी. अशी चूक करणारं मूल हिंदीत नीट बोलत असेल तर चिंता नाही. दोन्ही भाषांत वाक्यं तुटक, दोन्हींत प्रत्यय गळतात, दोन्हींत सूचना कळत नाहीत, तेव्हा भाषाविकासाचा दोष मनात आणायचा. हा दोष दुर्मीळ नाही. अमेरिकेत १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत बालवाडीच्या वयाच्या सुमारे ७ टक्के मुलांत तो आढळला. बहुतेकांच्या घरच्यांना आधी तसं कुणी सांगितलेलं नव्हतं.

खडाखडा वाचून अर्थ न लागणाऱ्यांचं तुमचं निरीक्षण मात्र बरोबर आहे, कारण वेगळं. वाचून कळण्याला दोन गोष्टी लागतात, अक्षरं उलगडणं आणि ऐकून वाक्य कळणं. देवनागरीत पहिली गोष्ट काना-मात्रा बसल्या की लवकर जमते आणि दुसरीची उणीव झाकली जाते. तोच उतारा तुम्ही वाचून दाखवा आणि प्रश्न विचारा. ऐकूनही उत्तर येत नसेल तर वाचनाचा सराव वाढवून उपयोग नाही. 'ज्या मुलाने कुत्र्याला दगड मारला त्याला आजी रागावली' हे ऐकवून 'आजी कोणाला रागावली?' विचारा. 'कुत्र्याला' म्हणणारी दुसरीतली मुलं सापडतील.


विभक्तीवाला

भाषा किती यापेक्षा क्रियापदं किती याची मला जास्त काळजी वाटते. घणसोली ते घोडबंदर, कुठल्याही सोसायटीच्या बागेत पाच मिनिटं कान द्या: 'हँड वॉश कर', 'डोअर ओपन कर', 'अॅपल कट कर', 'बॉल थ्रो कर'. इंग्रजी शब्द आला याची तक्रार नाही. पण धुणं, उघडणं, कापणं, फेकणं ही चार क्रियापदं गेली आणि त्यांच्या जागी एकटं 'कर' उरलं. धुतला-धुवून-धुवायला, कापला-कापून-कापायला, ही रूपं कानावर पडलीच नाहीत तर मूल सूत्र काढणार कशावरून? नाम इंग्रजी असू द्या, क्रियापद मराठी ठेवा: 'अॅपल काप', 'डोअर उघड'. पालकांना एवढं एक सांगितलं तरी झेपतं.


ऐरोली_बालवाडी

खूप उपयोगी. दोन गोष्टी राहिल्या. चुकीचं रूप आलं की वर्गात नेमकं काय म्हणायचं? आम्ही 'घोडाला नाही, घोड्याला, म्हण बघू' करून घेतो, मूल म्हणतंही, पण पुढच्या वाक्यात परत तेच. आणि 'मना पानी' चं काय लिहू?


उच्चारपाटी

'म्हण बघू' ने मूल तो शब्द म्हणतं, नियम शिकत नाही. शिवाय जे सांगत होतं ते मध्येच तुटतं. बरोबर रूप आपल्या वाक्यात घालून संभाषण पुढे न्यायचं. 'घोडाला गवत दे.' 'हो, घोड्याला गवत देऊया. घोड्याला भूक लागली. आणखी काय देऊ घोड्याला?' थोडं ठासून, पण ओढून न म्हणता, तीनदा 'घोड्याला' कानावर गेलं. परत म्हणून घ्यायचं नाही. एका आठवड्यात एकच रूप धरा: या आठवड्यात 'डब्याला, पंख्याला, घोड्याला', पुढच्या आठवड्यात 'ने'. सगळ्याच चुकांना असं उत्तर देत बसलात तर मूल बोलणं कमी करतं.

मुलाच्या वाक्यापेक्षा आपलं वाक्य एक-दोन शब्दांनीच मोठं असावं. पण लहान करायचं म्हणून प्रत्यय गाळू नका. 'बाळ पाणी पिणार?' ठीक, 'बाळ, पाणी, पी-पी' नको. प्रश्न विचारल्यावर पाच सेकंद गप्प बसायचं. वर्गात हेच सगळ्यात अवघड जातं.

पाच वर्षांपुढच्यांसाठी वाक्य परत म्हणण्याची चाचणी करा. इथे म्हणून घेणं शिकवण्यासाठी नाही, तपासण्यासाठी. 'आईने बाळाला दूध दिलं', 'दादाने माझी वही टेबलावर ठेवली', 'पाऊस आला असता तर आम्ही बाहेर गेलो नसतो' अशी चढती वाक्यं, प्रत्येक एकदाच. मूल पोपटासारखं म्हणेल असं वाटतं, पण वाक्य लांबलं की ते स्वतःच्या व्याकरणात ओतूनच बाहेर येतं. 'ने' पक्का नसेल तर 'दादा माझी वही टेबलावर ठेवला' असं परत येतं. गुण प्रत्ययांचे, उच्चारांचे नाहीत.


विभक्तीवाला

'मना पानी' बद्दल. आगरीत ण चा न आणि ळ चा ल होतो, 'मला' चं 'मना' होतं. पोराच्या आजीला विचारा, तीही 'पानी', 'डोला' च म्हणत असेल. म्हणजे तो त्याच्या भाषेत शुद्ध बोलतोय. उच्चारदोष असेल तर तो घरच्यांपेक्षा वेगळा ऐकू येईल, उदाहरणार्थ घरचे 'क' म्हणतात आणि हा 'त' म्हणतो.

तक्त्यात पहिली ओळ 'घरची बोली' अशी घाला आणि 'मला/मना' एकाच रकान्यात ठेवा. बघायचं ते एवढंच की जिथे हवं तिथे दोन्हींपैकी एक येतं का. त्याच्यासाठी घोडा-बैल चाचणीची वाक्यं त्याच्या आजीकडून तिच्या बोलीत म्हणवून मोबाइलवर घ्या आणि ती ऐकवा. तुमच्या मराठीत आठपैकी पाच आणि आजीच्या आवाजात आठ आले, तर पालकांना द्यायच्या कागदावर दोन्ही आकडे लिहा.